‘तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते’

सुट्टी जवळ आली की बऱ्याच घरांत हे वाक्य ऐकू येतं. आजीचे गुडघे दुखत असतात. कुठे आजोबांचा एक पाय पक्षाघातानंतर नीट उचलला जात नाही. कुठे मावशीच्या कंबरेचं ऑपरेशन झालेलं असतं. घरातले दोनदा आग्रह करतात, तिसऱ्यांदा करत नाहीत, आणि चार जणांची तिकिटं निघतात.

खरं तर या वाक्याचा अर्थ ‘मला यायचं नाही’ असा क्वचितच असतो. ‘माझ्यामुळे तुमची पंचाईत नको’, असं त्यांना म्हणायचं असतं.

त्याच घरात अकरा वर्षांची मुलगी विचारते, ‘तिथे जाऊन करायचं काय?’ ती आता झोपाळ्यावर रमण्याएवढी लहान नाही आणि एकटीनं फिरण्याएवढी मोठीही नाही. आजी आणि नात दोघींची तक्रार तशी एकच आहे. सहल आखताना आपला विचार झालेला नाही, हे दोघींना कळतं.

आणि ही दोन वयं एकत्र फार काळ राहत नाहीत. नऊ ते बारा वर्षांचं मूल आजीच्या गोष्टी अजून ऐकतं, आईबाबांबरोबर खुशीनं येतं. पुढे क्लास येतात, परीक्षा येतात, मित्रमैत्रिणी येतात. दुसरीकडे जी आजी आज काठी घेऊन पाव किलोमीटर चालते, ती तीन वर्षांनी तेवढं चालेलच असं नाही. त्यामुळे ‘आजीचे गुडघे बरे झाले की जाऊ’ किंवा ‘मुलं जरा मोठी झाली की जाऊ’ असं म्हणत थांबण्यात अर्थ नाही. मोठा दौरा नको; दोन रात्री, तीन दिवस पुरेत. मात्र तो बेत जरा वेगळ्या पद्धतीनं करावा लागतो.

आधी माणसं मोजा, मग ठिकाण ठरवा

आपण आधी ठिकाण ठरवतो आणि मग ‘आईंना जमेल का?’ असं विचारतो. इथेच गाडं अडतं. उलट्या बाजूनं सुरुवात करा. निघायच्या महिनाभर आधी, घराजवळच चार गोष्टी पाहून ठेवा.

एक, न थांबता किती मिनिटं चालता येतं? भाजी आणायला जाताना सहज घड्याळ पाहा.

दोन, किती पायऱ्या चढता येतात, आणि कठडा नसला तर किती? बऱ्याच जणांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. हे विचारल्याशिवाय कळत नाही.

तीन, किती उंचीच्या खुर्चीतून आधाराशिवाय उठता येतं? हॉटेलमधला पलंग आणि कमोड यांच्यासाठी ही उंची लक्षात ठेवायची.

चार, किती वेळानं स्वच्छतागृहाला जावं लागतं? सहलीला नाही म्हणण्यामागचं हे मोठं कारण असतं आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. प्रवासात जावं लागू नये म्हणून कित्येक ज्येष्ठ बायका पाणीच पीत नाहीत. मग उन्हात चक्कर येते, लघवीची जळजळ सुरू होते. हा विषय मुलीनं किंवा सुनेनं एकटीत, मोकळेपणानं काढावा.

हे सगळं त्यांच्याबद्दल नाही, त्यांच्याशी बोलायचं आहे. ‘आईंना झेपणार नाही’ हा निर्णय बाकीच्यांनी परस्पर घेऊ नये. ‘आई, दिवसातून एकदा बाहेर पडलं तर तुम्हाला बरं वाटेल का दोनदा?’ असा नेमका प्रश्न विचारला की उत्तरही नेमकं मिळतं.

मुलांचंही मोजमाप घ्या. सलग किती वेळ त्यांचं लक्ष लागतं? भूक लागली की कोण चिडतं? एका गोष्टीचा शब्द तुम्ही त्यांना नक्की देऊ शकता का? या वयाच्या मुलांना दिवसभराचा कार्यक्रम लागत नाही. रोज एक गोष्ट त्यांच्या मनासारखी झाली की ती खूश असतात.

ठिकाण निवडायच्या तीन कसोट्या

पहिली कसोटी अशी की दारापासून दारापर्यंतचा प्रवास पाच-सहा तासांत, नाहीतर रात्रीच्या झोपेत पार पडावा. तीन दिवसांतले दोन दिवस गाडीत गेले तर ती सहल राहत नाही.

दुसरी कसोटी, तिथलं मुख्य आकर्षण पायऱ्या न चढता पाहता यावं. ‘रोपवे आहे’ एवढ्यावर भुलू नका. रोपवे वरच्या स्थानकापर्यंत नेतो; तिथून पुढे किती चालायचं आणि किती पायऱ्या आहेत, ते वेगळं विचारावं लागतं. पावागडला रोपवेतून उतरल्यावरही देवीच्या दर्शनासाठी पायऱ्या आहेतच.

तिसरी कसोटी, मुलं आणि मोठे वेगवेगळे रमू शकतील, आणि अर्ध्या तासात पुन्हा एकत्र येऊ शकतील, अशा दोन जागा जवळजवळ असाव्यात.

या कसोट्यांवर उतरणारी एक जोडी उदाहरणासाठी घेऊ: गुजरातमधलं एकतानगर, म्हणजे पूर्वीचं केवडिया, आणि तिथून साधारण शंभर किलोमीटरवरचं वडोदरा. मराठी घराला वडोदरा परकं वाटत नाही. गायकवाडांची ही राजधानी. दांडिया बाजार, रावपुरा भागांत आजही मराठी कानावर पडतं. कुटुंब मुंबईचं आहे असं धरू: आईबाबा, सत्तरी ओलांडलेली आणि गुडघे दुखणारी आजी, अकरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा.

वार चुकला तर बेत फसतो

स्टॅच्यू ऑफ युनिटी सोमवारी बंद असतं. वडोदऱ्याचा लक्ष्मी विलास पॅलेसही सोमवारी बंद असतो. शनिवार-रविवारला सोमवारची सुट्टी जोडून जाणाऱ्यांची इथे हमखास निराशा होते. म्हणून गुरुवारी रात्री निघून रविवारी परतायचा बेत चांगला. शुक्रवारी सुट्टी असेल तर उत्तमच.

ऋतू ऑक्टोबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात नर्मदेकाठची दुपार तरण्याताठ्यांनाही सोसत नाही. दिवाळीच्या सुट्टीतली आणि वर्षअखेरची गर्दीही टाळलेली बरी. गर्दीत व्हीलचेअर सरकत नाही आणि रांगेत बसायला जागा मिळत नाही.

तिकिटात लपलेल्या गोष्टी

दादरहून एकतानगरला रात्रीची थेट गाडी आहे. तिचा मोठा फायदा असा, की ती दादरला सुटते आणि एकतानगरला संपते. दोन्ही टोकांना चढण्या-उतरण्याची घाई नाही. मधल्या स्थानकावर गाडी दोन मिनिटं थांबते, तेव्हा काठी, पिशव्या आणि आजी यांना एकदम उतरवताना जो गोंधळ होतो, तो इथे टळतो. चालताना त्रास होणाऱ्या माणसासाठी गाडी निवडताना ती कुठे सुटते आणि कुठे संपते, हे आधी पाहावं.

आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होतं. खालच्या बर्थचा एक नियम अनेकांना माहीत नसतो. आयआरसीटीसीवर लोअर बर्थ आणि ज्येष्ठ नागरिक असा एक कोटा आहे. तो 60 वर्षं पूर्ण केलेले पुरुष आणि 45 वर्षं पूर्ण केलेल्या स्त्रिया यांच्यासाठी आहे. पण त्या तिकिटावर असा एकच प्रवासी असावा लागतो, किंवा दोन असले तर दोघंही या वयोगटातले असावे लागतात. आजीचं नाव पाच जणांच्या एकाच तिकिटात घातलं तर या कोट्याचा विचारच होत नाही. म्हणून आजीचं तिकीट वेगळं काढा. आईचं वय 45 च्या पुढे असेल तर आजी आणि आई यांचं एक तिकीट, बाबा आणि मुलांचं दुसरं. डबे वेगळे आले तर गाडीत टीसींना विनंती करून अदलाबदल करता येते. पण खालचा बर्थ हातात असलेला बरा. रेल्वेचं दिव्यांग सवलत ओळखपत्र असेल तर त्यासाठी स्वतंत्र कोटा आहे.

मुलांचंही लक्षात ठेवा. पाच वर्षांपासून बारा वर्षं पूर्ण होईपर्यंत स्वतंत्र बर्थ नको असेल तरच अर्धं भाडं लागतं. बर्थ हवा असेल तर पूर्ण. रात्रीच्या प्रवासात नऊ वर्षांच्या मुलाला आईशेजारी कोंबून कुणालाच झोप लागत नाही. बर्थ घ्याच.

स्थानकावर व्हीलचेअर हवी असेल तर आधी 139 या रेल्वेच्या क्रमांकावर चौकशी करा आणि त्या दिवशी स्टेशन मॅनेजरच्या कार्यालयात वेळेआधी पोहोचा. विमानानं जाणार असाल तर व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा. निदान 48 तास आधी तरी विमान कंपनीला कळवा.

पहिला दिवस: एकच मोठी गोष्ट

सकाळी गाडीतून उतरलं की थेट फिरायला निघू नका. हॉटेलवर जा, आंघोळ करा, नाश्ता करा, आजीला दोन तास पाठ टेकू द्या. हॉटेलशी बोलताना ‘सकाळी लवकर खोली मिळेल का?’ हे आधीच विचारा. जास्तीचे थोडे पैसे पडले तरी ते सार्थकी लागतात.

पुतळ्याची तिकिटं वेळेच्या स्लॉटनुसार अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. दुपारी उशिराचा स्लॉट घ्या. उन्हं उतरलेली असतात, आणि तिथूनच संध्याकाळच्या लेझर शोला थांबता येतं. आवारात व्हीलचेअर मिळते. पायथ्याकडे जाताना सरकते पट्टे आणि सरकते जिने आहेत. आजीला सरकत्या जिन्याची भीती वाटत असेल तर लिफ्टची वाट कर्मचाऱ्यांना विचारा. ‘काही होत नाही’ म्हणून त्यांना जिन्यावर ओढू नका.

हा पुतळा 182 मीटर उंच आहे, आणि गुजरात विधानसभेच्या जागाही 182 आहेत. हे मुलांना आधी सांगू नका, शोधायला लावा. तो घडवणारे शिल्पकार राम सुतार हे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावचे. छातीच्या उंचीवर प्रेक्षक-दालन आहे, तिथपर्यंत लिफ्ट जाते. तिथून नर्मदा, सरदार सरोवर धरण आणि सातपुडा-विंध्याच्या रांगा दिसतात. वरची रांग मोठी असेल तर एक जण मुलांबरोबर वर जाईल आणि दुसरा आजीबरोबर खालच्या प्रदर्शनात बसेल. यात कुणाचं काही चुकलं असं मानायचं कारण नाही.

गावात फिरायला बस आहेत आणि स्थानिक बायका चालवतात त्या गुलाबी ई-रिक्षाही आहेत. बसची पायरी उंच वाटली तर रिक्षा बरी.

दुसरा दिवस: सकाळ मुलांची, दुपार विश्रांतीची

सकाळचा वेळ चिल्ड्रन न्यूट्रिशन पार्कला द्या. इथे छोटी रेल्वे फिरते आणि तिची स्थानकं खाण्यापिण्याच्या विषयांवर आहेत: फलशाका गृहम्, पयोनगरी, अन्नपूर्णा वगैरे. आरशांचा भूलभुलैयाही आहे. नऊ वर्षांच्या मुलाला हे फार आवडतं. आजीला गाडीत बसून जेवढं पाहता येईल तेवढं पाहू द्या. प्रत्येक स्थानकावर त्यांनी उतरलंच पाहिजे असं नाही.

इथली जंगल सफारी, म्हणजे प्राणिसंग्रहालय, डोंगराच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर पसरलेलं आहे. मुलांचा हट्ट असेल तर एक पालक त्यांना घेऊन जावा. त्या वेळात आजी आणि दुसरा पालक आरोग्य वनात सावलीत बसतील. सगळ्यांनी सगळं पाहायचं ठरवलं की नेमकी इथेच चिडचिड सुरू होते.

दुपारचं जेवण लवकर घ्या आणि टॅक्सीनं वडोदऱ्याला निघा. गाडी ठरवताना सीटची उंची विचारा. उंच एसयूव्हीत चढताना गुडघ्यावर ताण येतो, फार खालच्या सीटवरून उठताना येतो. आजीला पुढची सीट द्या, ती पूर्ण मागे सरकवा. आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. उतरताना त्याच्या उलट. वाटेत एकदा थांबा, चार पावलं चाला. वडोदऱ्यात पोहोचल्यावर त्या दिवशी आणखी काही पाहायचं नाही. संध्याकाळी सेव-उसळ मागवा आणि खोलीत पत्ते खेळा. सहलीतली मुलांना आठवणारी संध्याकाळ पुष्कळदा अशीच असते.

तिसरा दिवस: बारा वर्षांचा राजा

सकाळी लक्ष्मी विलास पॅलेस. जाण्यापूर्वी मुलांना एक गोष्ट सांगा, आणि ती आजीनं सांगितली तर फारच छान. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ नावाचा मुलगा. 1875 मध्ये बारा वर्षांचा असताना त्याला दत्तक घेऊन बडोद्याच्या गादीवर बसवलं. तेच महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे. त्यांच्या काळात 1890 मध्ये हा राजवाडा पूर्ण झाला. त्यांनी 1906 मध्ये संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं. 1913 मध्ये भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती देणारेही तेच. स्वतःच्या वयाचा मुलगा राजा झाला होता, हे ऐकल्यावर अकरा वर्षांची मुलगी राजवाड्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहते.

पॅलेसमध्ये ऑडिओ गाईड मिळतो, त्यामुळे ज्याच्या त्याच्या वेगानं पाहता येतं. कुठे किती पायऱ्या आहेत आणि व्हीलचेअर कुठून आत नेता येते, ते तिकीट खिडकीवरच विचारून घ्या. आवारातच महाराजा फतेहसिंह म्युझियम आहे. तिथे राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. आजीनं आयुष्यभर कॅलेंडरवर पाहिलेल्या सरस्वती-लक्ष्मी ज्याच्या कुंचल्यातून उतरल्या, त्याचं काम इथे समोरासमोर पाहता येतं. ही इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती, आणि मुलांना शाळेत ने-आण करायला आवारात छोटी रेल्वे होती. हे ऐकून नऊ वर्षांचा मुलगा आपल्या स्कूलबसबद्दल काय म्हणतो ते पाहा.

वेळ उरला तर सयाजीबाग, म्हणजे तिथल्या लोकांची कमाटीबाग. प्रशस्त वाटा, बसायला बाकडी, प्राणिसंग्रहालय आणि संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा व इजिप्तची ममी. याच बागेत संकल्पभूमी आहे. 1917 मध्ये बडोद्यात नोकरीसाठी आलेल्या डॉ. आंबेडकरांना जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही, तेव्हा ते इथे एका झाडाखाली बसले होते. मोठ्या मुलीला हे समजेल अशा शब्दांत सांगण्याचं हेच वय आहे.

वडोदऱ्याहून मुंबईला वेगवान गाडीनं साधारण चार तास लागतात. संध्याकाळची गाडी घेतली तर रात्री सगळे आपापल्या अंथरुणात.

हॉटेलला हे प्रश्न विचाराच

‘तुमच्याकडे लिफ्ट आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ असंच उत्तर येतं. मग तिथे गेल्यावर कळतं की लिफ्टपर्यंत पोहोचायला सहा पायऱ्या आहेत. म्हणून फोनवर असं विचारा:

• रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण किती पायऱ्या लागतात? मोजून सांगाल का?
• बाथरूमच्या दाराची रुंदी किती? साध्या घडीच्या व्हीलचेअरची एकूण रुंदी बहुधा 60 ते 68 सेंटीमीटर असते. आपली खुर्ची मोजून घ्या.
• बाथरूमला उंबरठा आहे का? फरशी घसरडी आहे का? कमोडजवळ धरायला दांडा आहे का?
• आंघोळीला बसायला प्लास्टिकचं उंच स्टूल मिळेल का?
• पलंग किती उंच आहे?
• जेवणाची खोली कुठल्या मजल्यावर? जेवण खोलीत येईल का?

आणि शेवटचा: ‘बाथरूमचा एक फोटो व्हॉट्सॲपवर पाठवाल का?’ दहा उत्तरांपेक्षा एक फोटो जास्त सांगतो. तंबूत राहायचं आकर्षण मुलांना असतं. तेव्हाही हेच प्रश्न विचारा, शिवाय तंबूपासून जेवणाच्या जागेपर्यंतचं अंतर विचारा.

व्हीलचेअर म्हणजे हार नव्हे

थोडंफार चालू शकणाऱ्या माणसाला व्हीलचेअरवर बसायचं म्हटलं की जिवावर येतं. ‘मी काय एवढी अधू झाले?’ यावर ‘बसा हो, कोण बघतंय’ असं म्हणू नका. त्यापेक्षा असं सांगा: ‘आई, लांबच्या अंतराला आपण रिक्षा करतो ना, तशीच ही. इथले पाय वाचले की आत गेल्यावर चालायला उपयोगी पडतील.’ निर्णय त्यांच्यावर सोडा. बऱ्याचदा पहिल्या दिवशी नको म्हणणारी आजी दुसऱ्या दिवशी स्वतःहून खुर्ची मागते.

चार दिवसांसाठी व्हीलचेअर भाड्यानं मिळते. वैद्यकीय उपकरणांच्या दुकानात चौकशी करा. घरीच वापरून पाहा आणि हे नियम सगळ्यांना शिकवा: बसता-उठताना दोन्ही ब्रेक लावलेले हवेत. उठण्याआधी पाय ठेवायची पट्टी वर उचलायची. तीव्र उतारावर खुर्ची उलटी, म्हणजे ढकलणारा खालच्या बाजूला राहील अशी न्यायची. मागच्या दांड्यांना जड पिशव्या अडकवायच्या नाहीत, खुर्ची मागे कलंडते. आणि खुर्ची ढकलण्याआधी बसलेल्या माणसाला विचारायचं.

तिकीट खिडकीवरचा माणूस ढकलणाऱ्यालाच विचारतो, ‘यांना कुठे जायचंय?’ अशा वेळी तुम्ही उत्तर देऊ नका. आजीकडे पाहा. त्या स्वतः बोलतील.

मुलांना काम द्या, जबाबदारी नको

‘आजीकडे लक्ष दे’ हे अकरा वर्षांच्या मुलीला काम वाटत नाही, ओझं वाटतं. त्यापेक्षा नेमकं काम द्या. एकाला नकाशा द्या: पुढचं बाकडं, पुढचं स्वच्छतागृह, पुढची पाण्याची जागा कुठे आहे ते त्यानं सांगायचं. दुसरीला उतारांची तपासणी द्या. चांगल्या रॅम्पचं प्रमाण 1:12 असतं, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. मोबाईलमध्ये मोजपट्टीचं ॲप असतं. कुठला रॅम्प नीट आहे आणि कुठला नुसता दाखवायला, हे मुलं दोन दिवसांत ओळखायला लागतात. पुढे ती शाळेतला जिनाही त्याच नजरेनं पाहतात, आणि ते शिक्षण पुस्तकातून मिळत नाही.

रोजच्या खर्चातली थोडी रक्कमही मुलांच्या हाती द्या. पाच जणांचा संध्याकाळचा नाश्ता तेवढ्यात बसवायचा. आजीला काय चालतं, काय नाही, हे त्यांना आपोआप विचारावं लागतं.

मात्र खुर्ची ढकलायची सक्ती मुलांवर नको. सपाट जागेवर, मोठं माणूस सोबत असताना, हौसेनं ढकलली तर ठीक. उतारावर कधीच नको.

दुसरीकडे राहत असाल तर

हीच पद्धत कुठल्याही शहराला लागू पडते. दिल्लीच्या आसपास असाल तर राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय पाहा. मोकळं सपाट आवार, जुनी इंजिनं आणि बसायला छोटी गाडी. तेही सोमवारी बंद असतं. हैदराबादला सालारजंग संग्रहालय आहे. तिथल्या प्रसिद्ध घड्याळातला छोटा माणूस तासाला येऊन टोले देतो, ते पाहायला आजी आणि नातवंडं शेजारी बसतात. तिथली सुट्टी शुक्रवारी. म्हैसूरला राजवाडा रविवारी संध्याकाळी दिव्यांनी उजळतो आणि तो बाहेरच्या मोकळ्या जागेतून पाहता येतो. कोलकात्यात असाल तर सायन्स सिटी. ठिकाण कुठलंही असो, दिवसाला एकच मोठी गोष्ट आणि दुपारी दोन तास विश्रांती, एवढं सोडू नका.

पिशवीत काय हवं

रोजची औषधं दोन दिवस जास्तीची, आणि ती हातातल्या पिशवीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये. काठीच्या टोकाचं रबर झिजलं असेल तर निघण्यापूर्वी बदला. ते कुठल्याही औषधाच्या मोठ्या दुकानात मिळतं. घडीचं हलकं स्टूल, मागे पट्टा असलेल्या चपला, रात्री स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावायला छोटा दिवा. मुलांसाठी पत्ते, एक वही आणि भरपूर सुका खाऊ. दीर्घ प्रवासाआधी, विशेषतः अलीकडे ऑपरेशन झालं असेल, हृदयविकार असेल किंवा पायावर सूज येत असेल, तर डॉक्टरांना विचारूनच निघा. गाडीत बसल्या बसल्या घोटे फिरवायचे आणि दर दीड-दोन तासांनी पाय मोकळे करायचे.

तरीही एखादी गोष्ट बिनसेलच. लिफ्ट बंद असेल, पाऊस येईल, मुलं भांडतील, आजीचा गुडघा दुसऱ्या दिवशी सुजेल. त्यासाठी तिन्ही दिवसांच्या यादीतली एकेक गोष्ट आधीच ‘नाही झाली तरी चालेल’ म्हणून ठरवून ठेवा आणि ती सगळ्यांना सांगून ठेवा. म्हणजे ती सोडताना कुणामुळे सोडली हा प्रश्न येत नाही.

आजच करता येण्यासारखं काम अगदी लहान आहे. जेवणाच्या ताटावर सगळे असताना एक कागद घ्या आणि प्रत्येकाला, आजीलाही, दोन प्रश्न विचारा: ‘सहलीत एक गोष्ट कुठली हवी?’ आणि ‘एक गोष्ट कुठली नको?’ पाच जणांची दहा उत्तरं लिहून होतील, आणि तुमच्या सहलीचा अर्धा बेत तयार असेल.